पोर्ट क्लांगच्या क्रूझ टर्मिनलवरून स्वतःच्या व्यवस्थेने क्वालालंपूर: उतरण्यापासून वेळेत परतण्यापर्यंत

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझवर आता मुंबई, पुणे, नाशिककडची अनेक कुटुंबे जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच क्रूझ एक दिवस मलेशियातील पोर्ट क्लांगला थांबतात. कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवसापुढे ‘पोर्ट क्लांग (क्वालालंपूर)’ असे छापलेले असते. कंसातल्या त्या एका शब्दामुळे शहर बंदराला लागूनच असेल, असा समज होतो. प्रत्यक्षात टर्मिनल पुलाउ इंदाह नावाच्या बेटावर, मालवाहू बंदराच्या शेजारी आहे आणि तेथून क्वालालंपूर सुमारे साठ किलोमीटर दूर आहे. टर्मिनलबाहेर पायी फिरून पाहण्यासारखे काही नाही, आणि दारातून सुटणारी भरवशाची सार्वजनिक बसही नाही.

जहाजाने आयोजित केलेली शहराची सहल न घेता स्वतः शहरात जाणे शक्य आहे आणि चार-सहा जणांच्या कुटुंबाला ते बरेच स्वस्तही पडते. मात्र ज्या चुका वारंवार होतात त्या बहुतेक सगळ्या परतीच्या बाजूला होतात; म्हणून खालील टप्प्यांत परतीचा विचार जाण्याच्या विचाराआधी केलेला आहे. तो क्रम बदलू नये.

## टप्पा १: ‘पोर्ट क्लांग’ या नावाची गल्लत आधी सोडवा

‘पोर्ट क्लांग’ हे नाव एकाच वेळी बऱ्याच ठिकाणांना लावले जाते. एक म्हणजे पोर्ट क्लांग हे गाव, जेथे ‘पलाबुहान क्लांग’ नावाचे लोकल रेल्वेचे शेवटचे स्थानक आहे. दुसरे म्हणजे एकूण बंदर, ज्याचे मालवाहू धक्के वेगवेगळ्या जागी पसरलेले आहेत. आणि तिसरे आपले क्रूझ टर्मिनल, जे या गावात नसून खाडीपलीकडच्या पुलाउ इंदाह बेटावर आहे. स्थानक आणि टर्मिनल यांच्यामध्ये रस्त्याने साधारण वीस किलोमीटरचे अंतर आहे. भरीस भर म्हणजे आतल्या बाजूला ‘क्लांग’ हे वेगळे शहर आहे, आणि त्याचेही स्वतःचे रेल्वे स्थानक आहे.

टर्मिनलचे नावही बदललेले आहे. नकाशांवर आणि चालकांच्या तोंडी ‘पोर्ट क्लांग क्रूझ टर्मिनल’, ‘बूस्टेड क्रूझ सेंटर’ आणि त्याहून जुने ‘स्टार क्रूझेस टर्मिनल’ अशी तिन्ही नावे सापडतात. जागा एकच आहे.

घरी असतानाच फोनमधल्या नकाशावर टर्मिनल शोधून त्यावर खूण जतन करावी आणि त्या परिसराचा नकाशा इंटरनेटशिवाय उघडेल असा उतरवून घ्यावा. त्या खुणेचे एक छायाचित्रही फोनमध्ये असावे. चालकाला तोंडी सांगण्याची वेळ आली तर ‘टर्मिनल कपाल पर्सियारान, पुलाउ इंदाह’ असे सांगावे. मलय भाषेत ‘कपाल पर्सियारान’ म्हणजे प्रवासी क्रूझ जहाज.

सावधान: परतताना चालकाला नुसते ‘पोर्ट क्लांग’ सांगितल्याने आम्ही एकदा गावातल्या जेट्टीजवळ पोहोचलो होतो. तेथून वळून बेटावर येईपर्यंत पाऊण तास गेला, आणि बरोबरच्या दोन ज्येष्ठ मंडळींची त्या पाऊण तासात झालेली अवस्था अजून आठवते. ‘पुलाउ इंदाह’ हे दोन शब्द उच्चारल्याशिवाय गाडी सुरू होऊ देऊ नये.

## टप्पा २: कागदपत्रे

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टधारकांना तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला आहे आणि ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. त्यामुळे मलेशियाच्या व्हिसाची धावपळ सध्या नाही. परंतु पासपोर्ट किमान सहा महिने वैध असला पाहिजे.

त्याऐवजी दोन गोष्टी राहून जातात. पहिली म्हणजे मलेशियाचे डिजिटल आगमनपत्र. हे १ जानेवारी २०२४ पासून परदेशी प्रवाशांना भरावे लागते, आगमनाच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि पूर्णपणे मोफत असते. शोधयंत्रावर त्याच्यासारखी दिसणारी, पैसे मागणारी संकेतस्थळेही पुढे येतात. पैसे मागितले गेले की आपण चुकीच्या जागी आहोत असे समजावे. क्रूझ तीन-चार रात्रींचीच असल्यामुळे हे पत्र सिंगापूरमध्ये असतानाच, जहाजावर चढण्यापूर्वी हॉटेलच्या वाय-फायवर भरून टाकणे सोयीचे पडते. समुद्रात गेल्यावर इंटरनेट महागही असते आणि मंदही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. जहाज सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतते. म्हणजे सिंगापूरमध्ये आपला प्रवेश दोनदा होतो. त्यामुळे सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे कागदावर स्वतः वाचून पाहावे. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. परतीच्या प्रवेशासाठी सिंगापूरचे आगमनपत्रही पुन्हा भरावे लागते, तेही मोफतच आहे आणि त्याचीही मुदत तीन दिवसांचीच आहे.

पासपोर्ट बंदरावर जवळ न्यायचा की नाही, हे जहाजानुसार बदलते. काही जहाजे पासपोर्ट आपल्याकडे जमा ठेवतात आणि प्रत देतात, तर काही मूळ पासपोर्ट घेऊनच उतरायला सांगतात. आदल्या संध्याकाळी खोलीत येणाऱ्या दैनिक पत्रकात हे लिहिलेले असते. तेथे स्पष्ट नसेल, तर स्वागतकक्षात जाऊन विचारावे.

तपासणी: प्रत्येक व्यक्तीसाठी पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत, सिंगापूर व्हिसाची छापील प्रत, मलेशियाच्या आगमनपत्राची पोच आणि जहाजाचे कार्ड, म्हणजे जहाजावर चढताना मिळालेले ओळखपत्र. मुलांचे कागद आईच्या पर्समध्ये आणि वडिलांचे दुसऱ्या पिशवीत, असे विखुरलेले नसावेत. रांगेत एका हाताने काढता येतील असे एकत्र असावेत.

## टप्पा ३: फोन, पैसे आणि ग्रॅब

मलेशियात ओला-उबरच्या जागी ‘ग्रॅब’ चालते. हे ॲप भारतातच उतरवून, आपल्या भारतीय क्रमांकावर ओटीपी मागवून, खाते पूर्ण तयार करून ठेवावे. टर्मिनलच्या बाहेर उभे राहून हे करायला गेल्यास ओटीपी येत नाही, कारण रोमिंग सुरू नसते. आणि रोमिंग सुरू करायचे तर त्यासाठी इंटरनेट हवे असते.

भारतीय कार्ड ॲपमध्ये जोडायचे असेल तर बँकेच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करावे लागतात. तरीही मी पैसे देण्याचा पर्याय ‘रोख’ असाच ठेवण्याचा सल्ला देतो. परतीच्या गडबडीत बँकेच्या ओटीपीसाठी गाडी अडून राहू नये. त्यासाठी सिंगापूरमध्येच थोडे रिंगिट, म्हणजे मलेशियाचे चलन, घेऊन ठेवावेत आणि त्यांत लहान नोटा मागून घ्याव्यात. रोकड तीन भागांत ठेवावी: जाण्याचे भाडे, दिवसाचा खर्च आणि परतीचे भाडे. तिसऱ्या भागाला टर्मिनल दिसेपर्यंत हात लावू नये.

महामार्गांवरचा टोल ग्रॅबच्या भाड्याव्यतिरिक्त प्रवाशाने द्यायचा असतो. चालक नंतर टोलचे पैसे वेगळे सांगतो तेव्हा आपली फसवणूक होत आहे असे वाटून वाद घालणारे प्रवासी मी पाहिले आहेत. तो वाद निरर्थक आहे. बसतानाच टोल साधारण किती होईल हे विचारून घेतले की प्रश्न मिटतो.

फोनबाबत एक इशारा. आपल्या कंपन्यांच्या मलेशिया किंवा सिंगापूरच्या रोमिंग पॅकमध्ये जहाजावरचे समुद्री नेटवर्क सहसा धरलेले नसते, आणि त्याचे दर फार चढे असतात. जहाजावर फोन ‘एअरप्लेन मोड’मध्येच ठेवावा, धक्क्यावर उतरल्यावर सुरू करावा आणि परत चढताना पुन्हा बंद करावा. एका कुटुंबात किमान दोन फोन इंटरनेटसह चालू असावेत, आणि दोन्हींवर ग्रॅब तयार असावे.

## टप्पा ४: हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे करा

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच आहे. बहुतेक जण ‘जहाज सकाळी आठला लागते आणि संध्याकाळी सहाला सुटते, म्हणजे आपल्याकडे दहा तास आहेत’ असा हिशेब करतात. तो चुकीचा आहे. जहाज सुटण्याची वेळ आपल्या उपयोगाची नसतेच. उपयोगाची असते ती प्रवाशांनी जहाजावर असण्याची अंतिम वेळ, जी सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि दैनिक पत्रकात छापलेली असते.

आठ ते सहा असा मुक्काम धरून, उलट दिशेने मोजून पाहू. अंतिम वेळ पाच वाजता. टर्मिनलच्या दारात आपण त्याच्या दीड तास आधी, म्हणजे साडेतीन वाजता असले पाहिजे. हा दीड तास अडचणींसाठी राखून ठेवलेला आहे, तो खरेदीत खर्च करण्यासाठी नाही. क्वालालंपूरहून टर्मिनलला गाडी मिळण्याची वाट, वाहतूक आणि पाऊस मिळून दोन तास धरावेत. म्हणजे शहरातून दुपारी दीडला निघायचे. आता सुरुवातीकडून पाहू. जहाज आठला धक्क्याला लागले तरी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून, रांगेतून, इमिग्रेशन उरकून बाहेर पडेपर्यंत साडेनऊ वाजतात. गाडीने दीड तास धरला तर शहरात पोहोचायला अकरा वाजतात. अकरा ते दीड, म्हणजे हातात उरतात अडीच तास. कागदावरच्या दहा तासांचे हे खरे मोल आहे.

हाच हिशेब रेल्वेने केला, तर टर्मिनल ते क्लांग स्थानक गाडीने, मग लोकलची वाट आणि मग सुमारे तासाभराचा प्रवास, असे जाताना सव्वादोन तास आणि येताना अडीच तास धरावे लागतात. मग शहरात जेमतेम सव्वा तास मिळतो.

तपासणी: आपल्या जहाजाच्या वेळा घालून हा हिशेब कागदावर करावा. शहरात दोन तासांपेक्षा कमी वेळ उरत असेल, तर क्वालालंपूरचा विचार सोडून द्यावा आणि पुढच्या टप्प्यातला दुसरा पर्याय घ्यावा.

सावधान: सिंगापूर आणि मलेशियाचे घड्याळ एकच आहे, परंतु थायलंडचे घड्याळ एक तास मागे आहे. जहाज फुकेतहून येत असेल, तर जहाजावरची वेळ आणि फोनवर आपोआप बदलणारी वेळ यांत फरक पडू शकतो. जहाजावरून उतरताना जहाजाच्या घड्याळाशी मनगटी घड्याळ जुळवावे आणि दिवसभर तेच प्रमाण मानावे.

## टप्पा ५: कोठे जायचे ते आदल्या रात्री ठरवा

मुक्काम दहा तासांचा असेल तर क्वालालंपूरमध्ये एका भागापुरते जावे. पेट्रोनास मनोरे आणि बाटू केव्ह्ज (गुहांमधले हिंदू मंदिर) हे दोन्ही एकाच फेरीत बसवण्याचा आग्रह धरला जातो. तो धरू नये. बाटू केव्ह्ज शहराच्या उत्तरेला सुमारे तेरा किलोमीटरवर आहेत, वर २७२ पायऱ्या चढायच्या आहेत, आणि बरोबर गुडघ्यांचा त्रास असलेली एकही व्यक्ती असली तर तेथेच तास-दीड तास जातो. एक निवडावे.

मनोऱ्यांच्या आत वर जायचे असेल तर वेळेचे तिकीट आधी काढावे लागते, आणि सोमवारी ते दर्शन बंद असते. अल्प मुक्कामात मी ते सुचवणार नाही. तिकिटावरच्या वेळेच्या ताणात बाकीचा दिवस अडकतो, आणि मनोरे बाहेरून, उद्यानाच्या बाजूने, अधिक चांगले दिसतात.

मुक्काम आठ तासांचा किंवा त्याहून कमी असेल तर क्लांग शहरात जावे. टर्मिनलहून ते वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. जालान तेंगकू कलाना या रस्त्यावरचा ‘लिटल इंडिया’ भाग क्लांगच्या रेल्वे स्थानकापासून जवळ आहे. तेथे केळीच्या पानावरचे दाक्षिणात्य शाकाहारी जेवण, फुलांची आणि मिठाईची दुकाने, साड्यांची पेढी असे सगळे चालत फिरता येते. प्रसिद्ध नाव नाही म्हणून हा पर्याय सहसा कोणी घेत नाही. पण सहा तासांत धापा टाकत मनोऱ्यांसमोर छायाचित्र काढून परतण्यापेक्षा क्लांगमध्ये निवांत जेवून फिरणे मला केव्हाही पटते.

वार आणि सणही पाहावेत. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदींभोवतीचे रस्ते भरतात आणि काही कार्यालये, दुकाने बंद असतात. हरी राया (ईद) आणि चिनी नववर्षाच्या दिवसांत चालक कमी असतात. जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या थाईपुसम या तमिळ सणाच्या वेळी बाटू केव्ह्जकडे लाखो भाविक जातात. त्या दिवशी तेथे जाण्याचा बेत एका दिवसाच्या प्रवाशाने करू नये.

## टप्पा ६: जहाजातून बाहेर पडणे

१. न्याहारी लवकर उरकून, जहाज धक्क्याला लागण्याच्या सुमारास तयार राहावे. जहाजाच्या सहलींचे गट सहसा आधी सोडले जातात. त्यांच्या मागोमाग निघता यावे म्हणून ध्वनिक्षेपकावरील सूचना ऐकत राहावे आणि शिडीपाशी गर्दी करू नये.

२. निघताना जहाजाचे कार्ड स्कॅन होते. कुटुंबातील प्रत्येकाने आपले कार्ड आपणच बाळगावे, कारण एकाकडे सगळी कार्डे दिल्यास गर्दीत तो पुढे गेला की मागचे अडकतात.

३. दैनिक पत्रक बरोबर घ्यावे किंवा त्याचे छायाचित्र काढावे. त्यावर अंतिम वेळ आणि स्थानिक बंदर एजंटचा, म्हणजे बंदरातल्या जहाजाच्या प्रतिनिधीचा, दूरध्वनी क्रमांक असतो. टर्मिनलच्या नावाचे रोमन लिपीतले अचूक शुद्धलेखनही तेथेच मिळते.

४. पाण्याची बाटली, छत्री, पॉवर बँक आणि नेहमीच्या औषधांचा दोन दिवस पुरेल एवढा साठा घ्यावा. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या ‘संध्याकाळी परत येणारच आहोत’ म्हणून खोलीत ठेवून जाण्याची चूक फार जण करतात.

## टप्पा ७: टर्मिनल ते शहर

मार्ग चार आहेत. ते माझ्या पसंतीच्या क्रमाने देतो.

दिवसभरासाठी आधी ठरवलेली गाडी. ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुले बरोबर असतील आणि माणसे पाच-सहा असतील तर हाच मार्ग घ्यावा. भाडे जास्त दिसते, पण परतीची गाडी दिवसभर आपल्याजवळच असते, आणि या सहलीतली सर्वांत मोठी चिंता तेथेच संपते. ठरवताना टोल, पार्किंग आणि वाढीव तासांचा दर लेखी घ्यावा. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा फोन आदल्या दिवशी मागवून घ्यावा. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. शेवटचा भाग टर्मिनलला परतल्यावर द्यावा.

ग्रॅब. दोन ते चार जणांसाठी हा सोयीचा मार्ग आहे. साध्या गाडीत लहान मुले धरून चारच जण बसू शकतात, म्हणून पाचवे असल्यास सहा आसनी गाडी निवडावी. मागणी टर्मिनलबाहेर, गाड्या थांबण्याच्या जागी पोहोचल्यावरच नोंदवावी. आत रांगेत असताना नोंदवली तर चालक काही मिनिटे थांबून निघून जातो. एकाच वेळी शेकडो प्रवासी गाडी मागतात तेव्हा भाडे चढते. वीस मिनिटे थांबल्यास ते बरेचदा उतरते, परंतु वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, कारण शहरातला वेळ त्यातून जातो. गाडीत बसण्यापूर्वी क्रमांकाची पाटी ॲपमधल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी.

टॅक्सी. ग्रॅब मिळत नसेल तर टर्मिनलवरील टॅक्सी घ्यावी. बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि ते संपूर्ण गाडीचे आहे की माणशी, हे स्पष्ट विचारावे. जाऊन-येऊन ठरवले तर निम्मीच रक्कम आधी द्यावी.

लोकल रेल्वे. केटीएम कोमुटर ही येथली उपनगरी रेल्वे आहे. ती पलाबुहान क्लांगहून क्लांग, शाह आलम, सुबांग जया करत केएल सेंट्रल या क्वालालंपूरच्या मुख्य स्थानकाला जाते. पलाबुहान क्लांग ते केएल सेंट्रल सुमारे सव्वा तास लागतो. गाडी पकडायची तर टर्मिनलहून क्लांग स्थानकावर यावे. पलाबुहान क्लांग हे शेवटचे स्थानक आहे म्हणून तेथे जाण्यात काही लाभ नाही. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांनी दर चार मिनिटांनी गाडीची अपेक्षा ठेवू नये. दोन गाड्यांमध्ये अर्धा तास जाऊ शकतो. मधले डबे स्त्रियांसाठी राखीव असतात आणि तशा खुणा फलाटावर असतात. मुक्काम बारा तासांहून मोठा असल्याशिवाय हा मार्ग दोन्ही बाजूंनी घेऊ नये.

काही जहाजे शहरापर्यंत फक्त ने-आण करणारी बसही विकतात. ती घेताना एकच प्रश्न विचारावा: ही बस उशिरा आली तर जहाज थांबेल का? जहाजाच्या अधिकृत सहलीसाठी जहाज थांबते. स्वतः गेलेल्या प्रवाशासाठी थांबत नाही.

तपासणी: गाडी बेटावरून पूल ओलांडून बाहेर पडली की घड्याळ पाहावे. ठरवलेल्या वेळेपेक्षा पाऊण तासाहून जास्त उशीर झाला असेल, तर चालकाला तेथेच क्लांगला जायला सांगावे. हा निर्णय येथे सोपा असतो. शहराच्या वाहतुकीत अडकल्यावर घेण्याचा उपयोग नसतो.

## टप्पा ८: शहरातले अडीच तास

गाडी थेट मनोऱ्यांपाशी न नेता मर्डेका चौकात, म्हणजे दातारान मर्डेका येथे सोडावी. तो परिसर पाहून चालत मस्जिद जामेक स्थानकावर यावे आणि कलाना जया मार्गाची एलआरटी, म्हणजे मेट्रोसारखी शहरी रेल्वे, घ्यावी. तिसरे स्थानक केएलसीसी, म्हणजे मनोऱ्यांच्या पायथ्याशी. एकेरी प्रवासासाठी यंत्रातून निळे प्लास्टिकचे टोकन मिळते. आत जाताना ते यंत्राला टेकवायचे आणि बाहेर पडताना खाचेत टाकायचे. म्हणून ते प्रवासभर सांभाळावे. गाड्या वारंवार आहेत आणि रस्त्यावरच्या कोंडीचा त्यांना त्रास नाही.

मनोरे पाहून झाल्यावर गाडी तेथूनच मागवण्याचा मोह होतो. मागवू नये. मनोऱ्यांभोवती वाहने सावकाश सरकतात आणि पाऊस पडला तर गाडी मिळणेच अवघड होते. त्याच एलआरटीने उलट दिशेने केएल सेंट्रलला यावे आणि सहलीचा शेवट तेथे करावा. याचे कारण असे की केएल सेंट्रलहून परतण्याची दोन साधने हाताशी असतात: ग्रॅबची गाडी, आणि ती न मिळाल्यास क्लांगपर्यंत लोकल. स्थानकाला लागूनच ब्रिकफील्ड्स हा भारतीय वस्तीचा भाग आहे. वेळ उरला असेल तर जेवण तेथे करावे, नाही तर बांधून घ्यावे आणि गाडीत खावे.

बाटू केव्ह्ज निवडले असेल तर टर्मिनलहून थेट तेथेच जावे आणि तेथून केएल सेंट्रलला यावे. ही दोन ठिकाणे कोमुटरने जोडलेली आहेत. पायऱ्या चढण्यासाठी स्त्रियांचे कपडे गुडघ्याखालपर्यंत असावे लागतात, आणि माकडे हातातल्या पिशव्या ओढतात, म्हणून खाऊ हातात ठेवू नये.

## टप्पा ९: परतीचा प्रवास

ठरलेल्या वेळी निघावे. दुपारनंतर येथे अचानक मेघगर्जनेसह पाऊस कोसळतो, विशेषतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, आणि पाऊस सुरू होताच ग्रॅबचे भाडे चढते व वाहतूक मंदावते. आकाश काळवंडलेले दिसले तर अर्धा तास आधीच निघावे.

गाडी मागवताना जतन केलेली खूणच निवडावी. काही चालक बेटावर यायला नाखूश असतात, कारण परतताना त्यांना प्रवासी मिळत नाही. मागणी स्वीकारून ती रद्दही होते. म्हणून दोन फोनपैकी एकावर पहिला प्रयत्न करावा, दहा मिनिटांत गाडी पक्की झाली नाही तर स्थानकावरच्या टॅक्सीकडे वळावे. तीही न मिळाल्यास पुढच्या लोकलने क्लांगला जावे आणि तेथून गाडी करावी. क्लांगच्या चालकाला बेट जवळचे असते आणि तो सहज तयार होतो.

गाडीत बसल्यावर ‘पुलाउ इंदाह’ असे एकदा मोठ्याने सांगून, आपल्या फोनवर नकाशा सुरू ठेवावा. वीस मिनिटांनी पाहावे की दिशा बेटाकडे आहे, गावातल्या स्थानकाकडे नाही.

## टप्पा १०: उशीर होणार असे दिसले तर

शेवटच्या क्षणापर्यंत वाट पाहू नये. अंतिम वेळ गाठता येणार नाही अशी शंका येताच पत्रकावरील बंदर एजंटला फोन करून खोलीचा क्रमांक, माणसांची संख्या आणि आपण कोठे आहोत हे सांगावे. त्याने जहाज थांबेलच असे नाही. मात्र पासपोर्ट जहाजावर राहिले असतील, तर ते काढून एजंटकडे देण्याची व्यवस्था जहाज सुटण्यापूर्वीच होऊ शकते, आणि हा फरक फार मोठा आहे.

जहाज सुटलेच, तर पुढच्या बंदरावर स्वतःच्या खर्चाने पोहोचावे लागते. पुढचे बंदर पेनांग असेल तर ते रस्त्याने चार-पाच तासांवर आहे. सिंगापूर असेल तर बसने पाच-सहा तास आणि विमानाने सुमारे एक तास लागतो. त्या वेळी टप्पा २ मध्ये सांगितलेला अनेक प्रवेशांचा व्हिसा छापील स्वरूपात जवळ असणे कामी येते. पासपोर्टच हरवला असल्यास क्वालालंपूरमध्ये भारतीय उच्चायोग आहे, आणि कोणत्याही आणीबाणीत पोलीस व रुग्णवाहिकेसाठी ९९९ हा क्रमांक चालतो. प्रवास विमा काढताना ‘जहाज चुकणे’ त्यात धरले आहे का, हे विचारून घ्यावे. कित्येक विम्यांत ते नसते.

वेळेत परतल्यावरही टर्मिनलवर सामानाची क्ष-किरण तपासणी होते, आणि तीन-चार हजार प्रवासी एकदमच परततात तेव्हा ही रांग बाहेरपर्यंत येते. चाकू-कात्री, बाहेरून घेतलेले मद्य आणि ड्युरियनसारखी उग्र वासाची फळे येथे काढून घेतली जातात. ती असल्यास आधीच बाजूला करून ठेवावीत, म्हणजे आपल्यामुळे मागच्यांचा वेळ जाणार नाही. जहाजाचे कार्ड आणि इमिग्रेशनचे कागद हातात घेऊन रांगेत उभे राहावे, आणि शिडी चढण्यापूर्वी फोन पुन्हा ‘एअरप्लेन मोड’मध्ये टाकावा.